उजव्या खांद्यावरचा ठिपका

मित्रांनो, माझी ओळख करून घेणे जरा अवघड आहे. माझ्याकडे कुणी बघत नाही, सगळे माझ्यातून पलीकडे बघतात. मी एक जुने भिंग आहे. पितळी कडे, काळी लाकडी मूठ आणि मधे तळहाताएवढी काच. या काचेत आता एक दोष आहे. तो कसा आला आणि त्याच्यापायी एका लेकीने तीन आठवडे काय सोसले, ते मला सांगायचे आहे.

चष्म्याच्या काचा घासणाऱ्या एका कारागिराच्या दुकानात माझा जन्म झाला. दुकान कसले, रस्त्याकडेची एक अरुंद खोली. पायाने फिरवायचे चाक, पाण्याची बादली आणि कोपऱ्यात टाकाऊ काचांची टोपली. मला आधी जाड वाळूवर घासले, मग बारीक भुकटीवर, मग ओल्या लोकरीच्या कापडावर. दर थोड्या वेळाने कारागीर मला उजेडाकडे धरी. काचेत एखादा बुडबुडा दिसला की ती काच टोपलीत जाई. मी टोपलीत गेलो नाही. गिऱ्हाइकाच्या हातात मला देताना कारागीर म्हणाला, "याच्यात काही नाही बघा. काहीच नाही. भिंगाचं एवढंच कौतुक असतं."

ते गिऱ्हाईक म्हणजे एक छापखाना होता. तिथल्या मुद्रितशोधकासाठी मला आणले होते. मुद्रितशोधक म्हणजे छापण्याआधी कच्चा कागद वाचून त्यातल्या चुका काढणारा माणूस. हा माणूस सडपातळ होता, कमी बोलणारा होता आणि अनुस्वाराच्या बाबतीत फार कडक होता. म्हणून छापखान्यात त्याचे नाव पडले ठिपके. छपाईचे शिशाचे खिळे जुळवणारा जुळारी त्याचा दोस्त. एकदा एका जाहिरातीत 'दोन खोल्या भाड्याने देणे' याच्या जागी 'भांड्याने देणे' असे जुळले. ठिपक्यांनी तांबड्या शाईने तो ठिपका खुडला.

"राहू दे की रे," जुळारी म्हणाला. "एखादा पातेलं घेऊन येईल खोली बघायला."

"आणि मालक ते पातेलं आपल्या डोक्यात घालतील."

"तुझ्या चहात माशी पडली ना, तर अनुस्वार समजून काढशील तू."

असे आमचे दिवस चालले होते. खिडकीशी टेबल, ओल्या शाईचा वास, आणि माझ्याखालून सरकणाऱ्या ओळी. मला त्या कामाचा अभिमान होता.

एके वर्षी पवित्र शास्त्रावरचे, म्हणजे बायबलवरचे, एक जाडजूड विवेचन छपाईला आले. त्यात जागोजागी प्राचीन हिब्रू भाषेतले शब्द होते. ती लिपी उजवीकडून डावीकडे चालते, आणि तिच्या अक्षरांच्या खाली, पोटात, डोक्यावर बारीक बारीक ठिपके असतात. ठिपक्यांनी मला त्या शब्दांवर धरले आणि कितीतरी वेळ तसेच धरून ठेवले. अक्षरांचे ठिपके बरोबर आहेत की चूक, हे त्यांना सांगता येईना.

"जसं आहे तसं सोडा," मालक म्हणाले. "वाचणार कोण आहे?"

"कागदाच्या खाली 'तपासले' असं लिहून मला सही करायची असते," ठिपके म्हणाले. "मी तपासलेलं नाही. सही कशी करू?"

मालकांनी कपाळाला हात लावला आणि आठ दिवसांची मुदत दिली. ठिपक्यांनी त्यानंतर त्या भाषेला आयुष्याची तीसहून अधिक वर्षे दिली.

छापखान्यामागच्या दुसऱ्या गल्लीत एक निवृत्त शिक्षिका राहत. जुन्या भाषा शिकवण्यात त्यांची हयात गेली होती. सगळे त्यांना बाई म्हणत. दर बुधवारी संध्याकाळी ठिपके मला खिशात घालून बाईंचा अंधारा जिना चढू लागले. बरोबर त्यांची दहा वर्षांची मुलगी असे, कारण तिची आई टेलिफोन कचेरीत दुपारपाळीला जाई. मुलगी मेणकापड घातलेल्या टेबलाशी बसून गृहपाठ करी आणि एक कान बाईंकडे ठेवी.

बाईंनी एकदा तीन दातांच्या काट्यासारखे एक अक्षर काढले. "याला दोन खांदे आहेत," त्या म्हणाल्या. "उजव्या खांद्यावर ठिपका बसला की हा शीन, उच्चार श. डाव्यावर बसला की सीन, उच्चार स. खांदा चुकला की अर्थ गेला."

त्या रात्री जेवताना मुलीने हे सगळे आईला जसेच्या तसे ऐकवले. ठिपक्यांना फार बरे वाटले.

छापखान्यात कागद कापताना ज्या जाड पट्ट्या उरत, त्यांची त्यांनी पत्त्यांएवढी कार्डे केली. एका कार्डावर एक शब्द. पुढच्या बाजूला हिब्रू अक्षरे, मागच्या बाजूला मराठी अर्थ. हा अर्थ लिहायला त्यांना कधी चार दिवस लागत, कधी चार महिने. बाईंनी वापरायला दिलेल्या कोशात अर्थ असे, पण त्याने त्यांचे समाधान होत नसे. तो शब्द शास्त्रात आणखी कुठे कुठे आला आहे, तिथे कोण कुणाशी बोलत आहे, हे सगळे ते बघत. लहानपणापासून पाठ असलेले वचन अचानक नवे होऊन समोर येई, आणि त्यांचा श्वास माझ्या काचेवर पडून मी धुरकट होई.

'नेफेश' या शब्दाची गंमत सांगतो. मराठीत त्याला आपण 'जीव' म्हणतो. पण काही ठिकाणी त्याचा अर्थ नुसता घसा असा आहे, काही ठिकाणी श्वास. एका स्तोत्रात बुडणारा माणूस म्हणतो की पाणी माझ्या नेफेशपर्यंत आले आहे. तिथे गळा म्हणावे की जीव? ठिपके तीन आठवडे त्यावर अडून बसले. त्यांची बायको इस्त्री करत होती.

"यात एवढं काय शोधायचं?" ती म्हणाली. "आपलाही जीव घशाशीच येतो ना?"

पुढच्या बुधवारी त्यांनी ते बाईंना सांगितले. बाई म्हणाल्या, "या शब्दावर माझ्याकडे बारा पानांचा लेख आहे. तुमच्या बायकोनं तो इस्त्री करता करता आटपला."

याच शब्दापासून एक क्रियापद होते. देवाने सहा दिवस काम केले आणि सातव्या दिवशी तो थांबला, तिथे ते येते. थांबला, आणि त्याने श्वास घेतला. ठिपके बायकोकडे बघत बसले.

"जीव भांड्यात पडला म्हणा," ती म्हणाली.

"देवाचा?"

"का? सहा दिवस सगळं नीट होतंय की नाही म्हणून धडधडत नसेल त्याच्या छातीत?"

ते कार्ड अजून आहे. त्यावर ठिपक्यांनी 'विसावला' असे लिहिले आहे, आणि खाली अगदी बारीक अक्षरात, 'हिच्या मते: जीव भांड्यात पडला'.

पुढे छापखाना बंद झाला. मुलगी मोठी होऊन नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली. मग ठिपक्यांच्या बायकोला दम लागू लागला. आधी जिना चढताना, मग चालताना, मग नुसते बसल्या बसल्या. ती रोज सकाळी मोठ्याने शास्त्र वाचत असे. आता एका ओळीत दोनदा थांबे, तरी वाचन सोडीना. एका सकाळी ती ओळीच्या मधे थांबली आणि पुढचे शब्द आले नाहीत.

मला टेबलाच्या खणात ठेवले गेले. किल्ल्या, तुटके पेन, औषधांच्या जुन्या चिठ्ठ्या आणि मी. दोन वर्षे. खण उघडला की ठिपक्यांचा हात दिसे. तो किल्ली घेऊन निघून जाई. घरात कुणी मोठ्याने वाचत नव्हते. रविवारी प्रार्थनेला जायचे बूट पलंगाखालीच राहत. मित्रांनो, काचेला अंधाराची भीती नसते, पण पडून राहणे जड जाते.

एका सकाळी त्यांनी मला काढले, सदऱ्याच्या टोकाने पुसले आणि पुन्हा कार्डावर धरले. कारण मला कळले नाही. मी विचारूही शकत नव्हतो. काम पुन्हा सुरू झाले, पण आता ते सावकाश चाले आणि एकट्याने चाले. बाईंची दृष्टी तोवर गेली होती. त्यांना फक्त उजेड आणि अंधार एवढेच कळे. तरी बुधवार चुकला नाही. ठिपके वाचून दाखवत आणि बाई तोंडी उत्तर देत.

मग ठिपक्यांची छाती भरू लागली. त्यांचे अंथरूण खिडकीशी लावले. दिवसभर एक परिचारिका येऊन बसे, तिला ते सिस्टर म्हणत. मुलगी दर पंधरा दिवसांनी येई. ती आता पंचेचाळिशीची होती, डोळ्यांवर चष्मा होता. शेवटच्या खेपेला ती म्हणाली, "बाबा, चला ना माझ्याकडे. कार्डांची खोकी पण नेऊ सगळी."

"खोकी नेशील. बाईंना कसं नेशील?"

"फोन आहे की."

"इतकी वर्षं समोर बसून विचारलं. आता फोनवर काय विचारू?"

"तुम्हाला यायचंच नाहीये."

"चार शब्द राहिलेत गं."

तिचा तोल गेला. "आई गेल्यापासून तुम्ही एकदाही प्रार्थनेला गेला नाहीत. विश्वास उरलाय की नाही तेही सांगत नाही. मग हे शब्द कुणासाठी शोधता?"

ठिपक्यांनी पाणी मागितले. तिने पाणी दिले. त्यानंतर दोघे हवापाण्याचे बोलले, आणि संध्याकाळच्या गाडीने ती गेली. तिचा प्रश्न त्या खोलीतच राहिला.

ती गेल्यावर नवव्या दिवशी, दुपारी, ठिपक्यांनी सिस्टरकडून एक कोरे कार्ड मागून घेतले. सिस्टर औषध आणायला स्वयंपाकघरात गेली. त्यांनी डाव्या हाताने मला धरले, उजव्या हाताने पेन. अक्षरे नीट आली. तीन अक्षरे आणि त्यांचे ठिपके. त्याखाली त्यांनी मराठीत लिहिले, 'माझ्यापुरता हा'. पेन बाजूला ठेवले. मागची बाजू कोरीच राहिली.

मग माझ्या मुठीवरची बोटे सैल झाली. मला वाटले ते दमले. मी पलंगावरून घसरलो आणि फरशीवर काठाने आपटलो. सिस्टर आली, आधी त्यांच्याकडे धावली. कितीतरी वेळाने तिने मला उचलले, बाहीला पुसले आणि खणात ठेवले. माझ्या काठाजवळ मोहरीहून लहान खड्डा पडला होता. नुसते बघून तो कुणाला दिसला नसता. माझ्यातून बघितले, तर पलीकडे एक काळा ठिपका दिसे, अगदी शाईचा वाटावा असा.

आठ दिवसांनी घर शांत झाले. पाहुणे गेले. मुलगी टेबलाशी बसली आणि तिने ते कार्ड हातात घेतले. वडिलांचे अक्षर मुळातच बारीक, त्यात शेवटचे. तिने खणातून मला काढले.

हेथ, शीन, काफ. हाशख. तिने बाईंचा कोश उघडून खात्री केली. अर्थ होता, काळोख झाला.

'माझ्यापुरता हा'.

मित्रांनो, त्या अक्षराच्या उजव्या खांद्यावर जो ठिपका तिला दिसला, तो मी होतो. खरा ठिपका डाव्या खांद्यावर होता. पेन सुकत आल्यामुळे तो फिका उमटला होता. तिला तो कागदाचा डाग वाटला. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका मोठ्या करून दाखवल्या, आणि माझी स्वतःची चूक मीच तिच्यापुढे मोठी करून धरली. मला ओरडता आले नाही.

त्यानंतरचे तीन आठवडे मी खणाच्या फटीतून बघितले. लोक भेटायला येत आणि म्हणत, "शांतपणे गेले हो." ती मान हलवी. लोक गेले की ती खिडकीशी उभी राहून हाताची नखे बघत बसे. आपण विचारलेल्या प्रश्नाचे हे उत्तर आहे, असे तिने धरून घेतले होते. आईविना, देवाविना, लेकीविना बाबा काळोखात गेले, आणि जाताना तिला तसे कळवून गेले. तिने खोकी सुतळीने बांधली. रविवारी रद्दीवाल्याला यायला सांगितले. उरला तो बाईंचा कोश. तो परत द्यायला ती शनिवारी सकाळी निघाली. निघताना ते कार्ड आणि मला तिने पर्समध्ये टाकले. का, ते तिलाही ठाऊक नसावे.

बाई नव्वदीच्या होत्या. त्यांनी कोशावरून हात फिरवला. "परत आणलास? त्यांनी कधी परत केला नसता. मीही कधी मागितला नसता. आणि खोकी?"

"उद्या रद्दीवाला येतोय."

"का गं?"

"शेवटचं कार्ड बघितलंत तर तुम्हीही देऊन टाकाल."

"मला दिसत नाही. तू वाच."

तिने मला कार्डावर धरले. "हेथ, शीन, काफ. काळोख झाला. खाली लिहिलंय, माझ्यापुरता हा." तिचा आवाज सपाट होता.

बाईंनी विचारले, "ठिपका कुठल्या खांद्यावर?"

"उजव्या. चांगला ठळक आहे."

"डाव्यावर काही आहे?"

"बारीकसा डाग आहे. कागदाचा असेल."

"असेल? ठिपक्यांच्या लेकीनं 'असेल' म्हणायचं?" बाईंनी हात पुढे केला. "आण इकडे."

त्यांनी कार्ड पालथे केले आणि कोऱ्या बाजूवरून तर्जनी फिरवली, अगदी सावकाश. "पेन दाबून लिहायची खोड होती त्यांना. माझ्या मेणकापडावर अजून त्यांचे शब्द आहेत." बोट थांबले, पुन्हा मागे आले. "या अक्षराला ठिपका एकच आहे. माझं नख आहे ना, तिथे. आता कार्ड उलटवून बघ, नख कुठल्या खांद्यामागे येतं."

मुलीने बाईंच्या बोटासकट कार्ड उलटवले. नख डाव्या खांद्यामागे होते.

"पण मला उजवीकडे दिसतोय, बाई. स्पष्ट दिसतोय."

"भिंग हलव."

तिने मला किंचित उजवीकडे सरकवले. काळा ठिपका अक्षराच्या खांद्यावरून उठला, शेजारच्या हेथवर जाऊन बसला, तिथून कार्डाच्या कडेबाहेर निघाला आणि मेणकापडावर उतरला. अक्षर आपल्या जागी होते. त्याच्या डाव्या खांद्यावर एक फिका, गोल, वडिलांनी काढलेला ठिपका होता.

"कुठं पडलं होतं का ते?" बाईंनी विचारले.

"सिस्टर म्हणाल्या, हातातून सुटलं. जेव्हा ते..." तिने अंगठा माझ्या काठावरून फिरवला. खड्डा सापडला, तिथे तो थांबला.

मग ती म्हणाली, "सीन असेल तर शब्द कुठला होतो? मला आठवत नाही."

"हासख. जाऊ दिलं नाही. मागे धरून ठेवलं. माणूस खड्ड्याकडे निघालाय आणि त्याला मागून कुणीतरी धरलंय, तिथे हा शब्द येतो."

"कुणी धरलं?"

"क्रियापदातच आहे. त्याने."

"त्याने म्हणजे कोणी?"

"ते व्याकरणात येत नाही, बाळ," बाई म्हणाल्या. "पण काळोखाबद्दल लिहायचं असतं, तर त्यांनी तो ठिपका बरोबर उजवीकडे दिला असता. एवढं मी खात्रीनं सांगते."

मुलीने चष्मा काढला. बाईंना दिसत नव्हते, म्हणून तिने डोळे पुसले नाहीत. एक थेंब माझ्या काचेवर पडला आणि त्याखालचे मेणकापडाचे फूल एवढे मोठे झाले.

"मागची बाजू कोरी आहे ना?" बाई म्हणाल्या. "मराठी कोण लिहिणार?"

"मी?"

"मग काय रद्दीवाला?"

तिला हसू आले. दोघी शब्द शोधू लागल्या. रोखलं? ते पोलिसासारखं वाटतं, बाई म्हणाल्या. अडवलं? ते नळाच्या पाण्याचं झालं. वाचवलं? त्याला वेगळा शब्द आहे, आणि शिवाय ते वाचले कुठे? हे मुलगीच म्हणाली. खाली रस्त्यावरून एक हातगाडी खडखडत गेली.

"राखलं," मुलगी म्हणाली.

बाईंनी तो शब्द ओठांतल्या ओठांत म्हणून बघितला. "जाऊ न देणंही त्यात आहे. सांभाळणंही आहे. पण राख म्हटलं की चुलीतलीही आठवते."

"असू दे. तीही असू दे."

तिने कार्ड पालथे ठेवून लिहिले. पेन तिनेही दाबूनच धरले होते.

दुसऱ्या दिवशी रद्दीवाला आला. मुलीने त्याला जुनी वर्तमानपत्रे दिली आणि खोक्यांच्या सुतळ्या सोडल्या. खोकी आता तिच्या शहरात, तिच्या टेबलाशेजारी आहेत. तीन शब्द राहिले आहेत. बुधवारी ती बाईंना फोन करते आणि दोघी भांडत भांडत अर्थ ठरवतात. ती प्रार्थनेला जाते की नाही, ते मी सांगणार नाही. मी भिंग आहे. मला फक्त कागदावरचे दिसते.

चष्म्याच्या दुकानात तिला विचारले होते की काच बदलून देऊ का. ती म्हणाली, राहू द्या.

मित्रांनो, तुमच्याही घरी कुणाचे तरी भिंग असेल, चष्मा असेल, जुने पुस्तक असेल. ते खणात कोंडून ठेवू नका. मऊ कापडाने पुसा, हातात घ्या, वापरा. माझ्यासारखी म्हातारी वस्तू कधीतरी पडलेली असते आणि तिला ते सांगता येत नाही. म्हणून माझ्यातून कुणाचा शब्द वाचून मन मोडण्याआधी मला जरासे हलवून बघा. जो ठिपका हलेल, तो माझा. जो जागेवर राहील, तो लिहिणाऱ्याचा.